उतारावर कळतं शूज कसे आहेत

गणपती झाले की या सदराकडे डोंगरात पळणाऱ्यांची पत्रं वाढतात, कारण डिसेंबरच्या शर्यतींची तयारी तेव्हाच सुरू होते. यावेळी तर जवळजवळ सगळे प्रश्न शूजचेच आलेत. त्यातले सहा घेतलेत, लांब पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोथरूडला राहतो, वय ४१. रोडवर चार हाफ मॅरेथॉन झाल्यात. मित्रांच्या नादाने यंदा एसआरटीच्या २५ किमीला नाव दिलंय, म्हणजे ती सिंहगड-राजगड-तोरणावाली. माझ्याकडे रोडचे चांगले महागातले शूज आहेत, जेमतेम ३०० किमी झालेत. तेच चालतील का? आणि नवीन घ्यायचेच तर काय बघून घ्यायचे? लग, ड्रॉप, रॉक प्लेट असं वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय.

उत्तर : दादा, वेताळ टेकडीवर ते चालतील, सिंहगड चढताना पण चालतील, पण उतरताना नाही. आणि डोंगरातल्या शर्यतीत पाय मोडतो तो उतरतानाच. चढताना वेग कमी असतो, वजन बोटांवर असतं, कुठलेही शूज निभावून नेतात. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, पाय शूजच्या आत पुढे सरकतो, खाली घसारा, म्हणजे सुटी माती-खडी, सरकत असतो, आणि रोडच्या शूजचा तो उंच मऊ फोम दगडाच्या कडेवर एका बाजूला दबला की घोटा वळलाच म्हणून समजा. म्हणून मी कुणालाही एकच सांगते, शूज उतारासाठी घ्या, चढाचं आपोआप होतं.

आता आपला डिसेंबरमधला डोंगर डोळ्यासमोर आणा. वरती सुटा मुरूम, मधेच कातळाच्या पाट्या, नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, डोक्याएवढे धोंडे, आणि उतारांवर वाळून पिवळं पडलेलं गवत, जे वाटतं साधं पण त्यावर पाय ठेवला की सतरंजी ओढल्यासारखं होतं. चिखल नसतो. त्यामुळे लग, म्हणजे तळव्याखालचे ते रबरी दात, ४ ते ५ मिमीचे पुरतात. मुरूम आणि गवतात ते रुततात. त्याहून मोठे दात हे युरोपातल्या चिखलाच्या डोंगरांसाठी बनवलेले असतात, आपल्या बसाल्टच्या कातळावर ते उलटे नडतात.

हे मी पुस्तकातलं नाही सांगत. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये ६ मिमी लगचे शूज घालून मी राजगडाच्या वाटेवर एक ओढा ओलांडत होते. तळवा बघितला तर ट्रॅक्टरचा टायर, चिखलात पाय असा धरून ठेवायचे की काय सांगू. ओढ्यात कातळाची एक तिरपी पाटी होती, फार शेवाळही नव्हतं, नुसती ओली होती. पहिलंच पाऊल ठेवलं आणि पाय खालून निघून गेला, मी डाव्या मनगटावर पडले, सहा आठवडे प्लास्टर. मी तिथेच मनगट धरून बसलेले आणि गावातल्या एक मावशी डोक्यावर ताकाची कळशी घेऊन जुन्या रबरी चपलांत त्याच पाटीवरून सरळ निघून गेल्या. घरी आल्यावर मी ते शूज हातात घेऊन नीट बघितले. दातांचं रबर इतकं कडक होतं की अंगठ्याचं नख रुतत नव्हतं, आणि दात लांब लांब असल्यामुळे दगडाला टेकणारं रबर मोजून दहा-बारा ठिपक्यांएवढं. मावशींची चपल झिजून झिजून सपाट झालेली, मऊ रबर, अख्खा तळवा दगडाला चिकटत होता.

म्हणजे मातीत पकड दातांची आणि कातळावर पकड रबराची. व्हिब्रमचं मेगाग्रिप म्हणून रबर येतं ते ओल्या दगडावर चांगलं धरतं, अदिदासच्या टेरेक्स शूजपैकी बऱ्याच मॉडेलना कॉन्टिनेंटल या टायरवाल्या कंपनीचं रबर असतं तेही चांगलं, सॅलोमनचं कॉन्टाग्रिप आहे. (व्हिब्रम हे नाव व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावातून आलंय. १९३५ मध्ये आल्प्समध्ये पुंता रासिकावर त्याचे सहा साथीदार दगावले, हवामान बिघडलं आणि पायातलं त्या थंडीला नि खडकाला पुरं पडणारं नव्हतं, त्यानंतर १९३७ मध्ये त्याने दात असलेला रबरी सोल काढला. आज आपण ज्याला ट्रेल शूजचा, म्हणजे डोंगरवाटेवर पळायच्या शूजचा, तळवा म्हणतो त्याची सुरुवात ही.) नाव काहीही असो, दुकानात अंगठ्याचं नख दातावर दाबून बघा. थोडं रुतून परत वर आलं तर रबर ठीक. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर ठेवून द्या. फक्त मऊ रबर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतं, म्हणून घरापासून टेकडीपर्यंतचे रोजचे ५ किमी त्यात पळू नका, तिथे तुमचे रोडचेच वापरा, ते वाया नाही गेले.

रॉक प्लेट म्हणजे तळव्यात घातलेली पातळ पट्टी, टोकदार दगड पायाला लागू नये म्हणून. सगळ्यांत नसते आणि फोम जाड असेल तर नसली तरी चालते. बघायचं कसं, एक हात शूजच्या आत घाला आणि बाहेरून पुढच्या भागावर गाडीच्या किल्लीचं टोक दाबा. आतल्या बोटांना टोक म्हणून कळलं तर १५ किमीनंतर तळपायाला प्रत्येक खडा कळणार आहे.

ड्रॉप म्हणजे टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक. रोडचे शूज बहुतेक ८ ते १० मिमीचे असतात, तुमचेही असतील. ट्रेलमध्ये ० ते १० सगळं मिळतं. कुणी म्हणालं झिरो ड्रॉप नैसर्गिक म्हणून लगेच घेऊ नका, पोटरी आणि टाचेमागची जाड शीर यांना त्याची सवय व्हायला महिनेच्या महिने लागतात आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाहीये. ५ ते ८ च्या आसपास राहा.

आता मुख्य काम, घालून बघणं. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि शर्यतीतही सुजणारच. पळायचे मोजे घेऊन जा. आधी शूजमधला इनसोल काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर ओघळत असेल तर तो शूज तुमचा नाही, पुढे घालून बघायचीही गरज नाही. मग दोन्ही पायांत घाला, लेस नीट बांधा, उभं राहून सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक अंगठा मावेल एवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, खूप जणांचं दुसरं बोट लांब असतं. आणि मग दुकानाचा जिना शोधा. जिन्यावरून दहा वेळा उतरा, जरा जोरात, टाच दाबत. बोटं पुढे आपटली तर साइज किंवा आकार चुकलाय. चढताना टाच आतून उचलली जात असेल तर मागचा कप सैल आहे. दुकानदार बघत राहतील, बघू द्या, पैसे तुमचे चाललेत.

घरी आणल्यावर टॅग न काढता घरातच तासभर घालून फिरा. कुठेही टोचलं, घासलं तर परत करा. 'वापरून सैल होतील' हे चामड्याच्या बुटांचं खरं होतं, आताच्या जाळीच्या शूजचं नाही, जे पहिल्या दिवशी चावतं ते विसाव्या किलोमीटरला सोलून काढतं.

टॅग काढल्यावर पहिली फेरी ४-५ किमी टेकडीवर. बाटलीतलं पाणी एखाद्या तिरप्या पण बुटक्या दगडावर ओता, जिथून घसरलात तरी फार तर बसाल असा, आणि एका पायावर वजन देऊन उभे राहा. मग हळूहळू वजन पुढे न्या. शूज केव्हा सुटतात हे तुमच्या पायाला त्या दिवशी कळून राहू दे. त्यानंतर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, आणि पळायचं ते उतरतानाच, चढ आरामात चाला. दोन-तीन उतार झाले की तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

प्रश्न : मी नाशिकची, वय ३४. दीड वर्षापासून ब्रह्मगिरी, पांडवलेणी असं पळते. प्रत्येक मोठ्या रननंतर अंगठ्याचं नख काळं पडतं, आत्तापर्यंत तीन नखं गेली. एक साइज मोठे घेतले तर आता टाचेला फोड येतात. पाय पुढे रुंद आहे, लेडीज शूजमध्ये करंगळी दाबली जाते. काय करू?

उत्तर : ताई, नख गेलं की सगळे म्हणतात हे तर रनरचं मेडल, मला हे अजिबात पटत नाही. नख काळं पडतं म्हणजे नखाखाली रक्त साकळलंय, म्हणजे उतरताना बोट हजारो वेळा पुढच्या भिंतीवर आपटलंय. त्यात कौतुक कसलं. शूज किंवा लेस, दोन्हीपैकी काहीतरी चुकतंय.

तुमचं दोन्ही चुकतंय असं पत्रावरून वाटतं. तुमचा पाय लांब नाहीये, रुंद आहे. एक साइज वाढवली की लांबी वाढते, रुंदी नावापुरती वाढते, आणि मागे टाच सैल पडते म्हणून फोड. आपल्याकडच्या खूप जणांचं हेच होतं कारण आपण परदेशी साच्यावर बनलेले शूज घालतो. चेन्नईच्या सीएलआरआय या सरकारी चर्मसंशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखावर लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली होती, त्यातही हेच निघालं की भारतीय पाऊल युरोपी-अमेरिकी पावलापेक्षा रुंद असतं. त्यावरून 'भ' नावाची भारतीय साइज पद्धत सुचवली गेलीये, पण आज दुकानात तुम्हाला यूके नाहीतर यूएसच मिळणार.

तर करायचं असं. भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, आपण वाकलो की वजन बदलतं. लांबी मोजा, आणि चवड्यापाशी सगळ्यात रुंद जागा पण मोजा. दोन्ही पायांचं मोजा, मोठा जो असेल तो धरायचा. खूप ब्रँडच्या टॅगवर सेंटिमीटर छापलेले असतात, आकड्यांच्या गोंधळात न पडता तेच बघा. मग रुंद पुढा असलेले ब्रँड शोधा, आल्ट्रा, टोपो हे त्यासाठीच ओळखले जातात (आल्ट्रा बहुतेक झिरो ड्रॉप असतात, वर लिहिलंय ते लक्षात ठेवा), होका आणि न्यू बॅलन्सच्या काही मॉडेलमध्ये वाइड मिळतं. आणि पुरुषांचं मॉडेल घालून बघायला संकोच करू नका, तोच शूज पुरुषांच्या साच्यात साधारण रुंद असतो. टाच थोडी सैल वाटली तर लेसने आवळता येते.

लेस कशी तर, शूजच्या सगळ्यात वरती घोट्याजवळ एक जादा भोक असतं बघा, ते बहुतेकांनी आयुष्यात वापरलेलं नसतं. लेस नेहमीसारखी वरपर्यंत आणा, पण शेवटच्या त्या भोकात समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या भोकात घाला, म्हणजे प्रत्येक बाजूला एक छोटी कडी तयार होईल. आता डावी लेस उजव्या कडीतून आणि उजवी डाव्या कडीतून घ्या, टाच मागे दाबून बसवा आणि दोन्ही लेस खाली-मागे ओढून मग गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि पाय पुढे सरकत नाही. पुढच्या बोटांवरची लेस मात्र सैलच ठेवा, सगळीकडून आवळू नका. मी तर मोठा उतार सुरू व्हायच्या आधी थांबून, अर्धा मिनिट घालवून लेस परत बांधते.

नखं दोन दिवस आधी सरळ कापा. आणि आत्ता जे नख काळं आहे ते ठणकत असेल किंवा कडेला पू वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, शूज नंतर.

प्रश्न : ताई मी भोर तालुक्यातला, वय १९. रोज पहाटे रोहिड्याच्या पायथ्यापर्यंत पळत जाऊन येतो. बजेट २००० च्या आत आहे. सगळे म्हणतात ब्रँडेड घे नाहीतर गुडघे जातील. बाजारात फर्स्ट कॉपी १२०० ला मिळतायत, घेऊ का?

उत्तर : नको रे, फर्स्ट कॉपी नको. वरून नक्कल होते, रबराची आणि चिकटवण्याची होत नाही. नख दाबून बघ, तुलाच कळेल. डोंगरात अर्ध्या वाटेवर सोल उघडला तर ते १२०० गेलेच आणि वर तू अनवाणी उतरणार.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेकर लोकं अॅक्शनचे ट्रेकिंगचे शूज घालतात, त्यांची कातळावरची पकड खरंच चांगली आहे आणि किंमत तुझ्या आवाक्यातली आहे. ते पळायचे शूज नाहीत हे पण सांगते, फोम कमी, वजन जास्त, २०-२५ किमी पळायला पाय भरून येतील. पण तुझ्या रोजच्या पळण्याला चालतील, आत एक बरा इनसोल टाक. दुसरा मार्ग म्हणजे डेकॅथलॉनचे सगळ्यात खालच्या किमतीचे ट्रेलचे शूज, सेलमध्ये बजेटच्या थोडे इकडेतिकडे मिळून जातात. पुण्याला येशील तेव्हा घालून बघूनच घे, मित्राच्या साइजवरून मागवू नको.

आणि गुडघ्यांचं म्हणशील तर २००० च्या शूजने गुडघे जात नाहीत. उतारावर लांब लांब ढांगा टाकून टाचेवर आदळत उतरलास तर १५ हजारांच्या शूजमध्येही दुखतील. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, नजर चार-पाच पावलं पुढे. ते फुकट आहे आणि तुझ्या वयात पटकन जमतं.

प्रश्न : मी ठाण्याचा, वय ५८. चांगले महागाचे ट्रेकिंग-रनिंग शूज घेतले होते, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चार वर्षं खोक्यातच राहिले. गेल्या महिन्यात येऊरला घालून गेलो तर तासाभरात दोन्ही सोल निखळले. जवळजवळ नवे होते हो. कंपनीने फसवलं म्हणायचं का?

उत्तर : काका, तुम्ही परत डोंगरात गेलात हे वाचून फार बरं वाटलं. फसवलं असं नाही म्हणता येणार, हे खूप जणांचं होतं. काही शूजमधला फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला दमटपणा वर्षानुवर्षं त्याला आतून कुरतडत असतो, फोम भुगा होतो. वापरात असलेल्या शूजपेक्षा बंद खोक्यात पडून राहिलेल्या शूजचं हे जास्त होतं, त्यात ठाण्या-मुंबईची हवा. दुसऱ्या प्रकारचा फोम, ईव्हीए म्हणतात तो, असा सहसा कुजत नाही पण त्याचाही गोंद सुकून सुटतो.

त्यामुळे पडून राहिलेला जोड घालायच्या आधी घरी अर्धा तास तपासा. शूज दोन्ही हातांनी वाकवा, सोल आणि वरचा भाग जिथे जुळतो तिथे अंगठा घालून उचकटून बघा, फोमवर बारीक भेगा किंवा दाबल्यावर पीठ पडत असेल तर तो जोड संपला. चांभाराकडे सोल्यूशन लावून चिकटवलं तरी भुगा झालेल्या फोमला काही धरत नाही, आणि टाका मारला तर फोम फाटतो. नुसता गोंद सुटला असेल तर मात्र चिकटवून चालतो. पाठीवरच्या सॅकमध्ये चार-पाच केबल टाय ठेवत जा, निखळलेला सोल चवड्यापाशी आणि मधे असा दोन जागी बांधला की हळू चालत उतरता येतं. आणि नवीन घेताना जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष बऱ्याचदा छापलेलं असतं, सेलमधला माल असेल तर ते आवर्जून बघा. तुमच्या गुडघ्यासाठी मी जरा जाड फोमचे पण रुंद तळव्याचे शूज सुचवेन, आणि उतारावर काठ्या वापरा.

प्रश्न : कोल्हापूर. जुलैत पन्हाळा-पावनखिंड करायची आहे, जमेल तिथे पळत. गोरटेक्सवाले वॉटरप्रूफ शूज घेऊ का, दुप्पट पैसे सांगतायत.

उत्तर : नको. आपल्याकडे जुलैत पाणी वरून येतं, घोट्यातून आत जातं, ओढ्यात तर गुडघाभर असतं. वॉटरप्रूफमध्ये आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, पायाला बादली बांधल्यासारखं होतं. साधे जाळीचे घ्या, पाणी आत येईल आणि चार पावलांत पिचकत निघून जाईल. त्या वाटेला चिखल मात्र भरपूर असतो, तिथे ५-६ मिमीचे दात उपयोगी पडतात, फक्त कातळावर आणि ओढ्यांत सावकाश. पायाला निघताना व्हॅसलीन चोळा, बोटांच्या मधे पण, आणि सुक्या मोज्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. घरी आल्यावर इनसोल, लेस काढून नळाखाली चिखल धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गॅसजवळ नाही, गोंद सुटतो.

प्रश्न : शर्यतीच्या किती आधी नवीन शूज घ्यावेत, आणि जुने कधी टाकावेत?

उत्तर : दीड-दोन महिने आधी घ्या, शर्यतीपर्यंत ८०-१०० किमी होऊ देत, त्यात निदान दोन मोठे उतार. जुने साधारण ५०० ते ८०० किमीपर्यंत जातात, पण आकड्यावर जाऊ नका. उलटे करून बघा, चवड्याखालचे दात अर्धे झिजले असतील, किंवा नेहमीच्याच उतारावर दोनदा अनपेक्षित पाय घसरला असेल, तर डोंगरातून काढा. रोजच्या चालायला अजून वर्षभर जातील.